जोरात वेग घेताना उजवीकडे ओढणारी सेदान : वर्कशॉपमधील प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

गाडी आज वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील (जीआयडीसी) वर्कशॉपमध्ये आली. मालक माझा मावसभाऊ, राहणार दांडिया बाजार. गाडी २०१४ सालची सेदान असून तिला दोन लिटरचे टर्बो डिझेल इंजिन आणि सहा गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. इंजिन आडवे बसवलेले आहे, शक्ती फक्त पुढच्या चाकांना जाते आणि मीटरवर १,१८,००० किलोमीटर दिसतात. इंजिनाचा मूळ टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३२० न्यूटन-मीटर. मागच्या दिवाळीत त्याने रीमॅप (इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलणे) करून घेतल्यानंतर तो ३९० झाल्याचे त्याला मिळालेल्या कागदावर लिहिले आहे.

त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून ठेवतो. “दादा, दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की गाडी उजवीकडे उडी मारते, आणि पाय उचलला की तितक्याच जोरात डावीकडे झटका देते. एरवी सरळ रस्त्यावर हात सैल सोडला तर हळूहळू डावीकडे सरकते.” हा सगळा रीमॅपचा प्रताप आहे आणि मूळ प्रोग्रॅम परत टाकला की गाडी सुधारेल, अशी त्याची पक्की समजूत आहे. दरम्यान दुसरीकडे त्याने एकाहून अधिक वेळा व्हील अलाइनमेंट करून घेतले. प्रत्येक वेळी मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे आले आणि गाडी होती तशीच राहिली.

वास्तविक या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणे एकच असतील असे गृहीत धरण्याचे काही कारण नाही. स्थिर वेगात डावीकडे सरकणे, जोर दिल्यावर उजवीकडे ओढणे आणि जोर काढल्यावर उलट बाजूला झटका बसणे, या तिन्हींची तपासणी स्वतंत्रपणे करायची आणि तोपर्यंत रीमॅपला हात लावायचा नाही, असे ठरवले. आज फक्त टायर थंड असताना हवेचा दाब चारही चाकांत पुस्तिकेप्रमाणे करून ठेवला. पुढच्या दोन्ही चाकांत दाबाचा फरक होता, पण इतक्या मोठ्या तक्रारीचा उगम ठरावा इतका नव्हता.

५ जानेवारी, रविवार

वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत रविवारी सकाळी मोकळा असणारा एक लांब, सरळ रस्ता चाचणीसाठी निवडला. आपल्याकडच्या डांबरी रस्त्यांना पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून मध्यापासून कडेकडे सुमारे २ ते २.५ टक्के उतार ठेवलेला असतो, आणि आपण डावीकडून चालत असल्याने तो प्रत्येक गाडीला थोडेसे डावीकडेच नेत असतो. म्हणून तोच तुकडा दोन्ही दिशांनी आणि रस्त्याच्या मधल्या सपाट पट्ट्यावरूनही चालवून पाहिला. मधल्या पट्ट्यावरही गाडी सावकाश डावीकडे जाते, म्हणजे हा दोष केवळ रस्त्याचा नाही.

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांवरून पूर्ण जोर दिला की साधारण १९०० फेऱ्यांच्या पुढे टर्बो भरतो आणि तिथेच गाडी उजवीकडे ओढ घेते. तिसऱ्या गिअरमध्येही हेच होते, मात्र सौम्यपणे. पाय एकदम उचलला की डावीकडे झटका बसतो आणि त्याबरोबर पायाखालून एक दबका ठोका येतो. या ठोक्याचा उल्लेख मालकाने केला नव्हता. आत गाणी चालू असतील तर तो ऐकू येण्यासारखाही नाही. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून पुन्हा पाहिले. चालू असताना ओढ तुटक तुटक येते, कारण घसरणाऱ्या चाकाला यंत्रणा ब्रेक लावते आणि त्या क्षणी जास्तीचा टॉर्क दुसऱ्या चाकाकडे जातो. बंद असताना तीच ओढ सलग येते. दिशा मात्र दोन्ही वेळा उजवी.

आजच्या चाचणीत सर्वांत उपयोगी ठरले ते ब्रेक. क्लच दाबून, इंजिनाचा चाकांशी संबंध तोडून, ६० किलोमीटर वेगावरून कडक ब्रेक लावले, तर गाडी डावीकडे फेकली गेली. मालक ब्रेक हलके लावतो, त्यामुळे त्याला हे जाणवले नसावे. इंजिनाचा टॉर्क शून्य असतानाही गाडी दिशा सोडत असेल, तर संशयाची सुई ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारे दांडे) आणि रीमॅप यांच्यावरून हटून, वेग घेताना व थांबताना दोन्ही वेळा ज्यांच्यावर भार येतो अशा भागांकडे वळते. अर्थात त्याआधी ब्रेकची स्वतःची खोड नाही ना, हे पाहावे लागेल.

स्कॅनर जोडून विद्युत पॉवर स्टिअरिंगच्या टॉर्क सेन्सरचे आकडे नोंदवून घेतले. गाडी सरळ ठेवण्यासाठी हाताला किती जोर लावावा लागतो, हे त्यावरून थेट कळते. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिल्यावर हा आकडा ५ न्यूटन-मीटरच्या जवळ जातो, आणि तोही पॉवर स्टिअरिंगची मदत मिळत असताना. “फार ओढते” आणि “थोडी ओढते” यांवर वाद घालण्यापेक्षा हा आकडा पुढच्या सर्व चाचण्यांसाठी आधार म्हणून धरतो.

७ जानेवारी, मंगळवार

टायर आणि ब्रेक. पुढचे दोन टायर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे निघाले, डाव्याची नक्षी ६ मिलिमीटर आणि उजव्याची साडेतीन. टायर एका दिशेचे नसल्याने डावे-उजवे अदलाबदल करून तोच रस्ता पुन्हा चालवला. दोष टायरचा असता तर ओढीची दिशा उलटली असती. ती उलटली नाही. स्थिर वेगातले डावीकडे सरकणे किंचित कमी झाले, इतकेच. ब्रेकचे कॅलिपर, त्यांच्या सरक-पिना आणि पॅड ठीक आहेत; ब्रेक न लावता दहा किलोमीटर चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले, तर दोन्ही डिस्कचे तापमान जवळजवळ सारखे होते, आणि लागोपाठ काही वेळा ब्रेक लावल्यानंतरही दोन्हीकडे ते सारखेच चढले. म्हणजे दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखेच काम करत आहेत. टायरची जोडी बदलावीच लागेल, पण ते चौकशीचे उत्तर नव्हे.

९ जानेवारी, गुरुवार

ड्राइव्ह शाफ्ट. ही गाडी ऑगस्ट २०२४ मधल्या विश्वामित्रीच्या पुरात चाकांच्या निम्म्या उंचीपर्यंत पाण्यात उभी होती, असे मालकाने बोलता बोलता सांगितले. त्यामुळे सीव्ही जॉइंटच्या (वाकलेल्या कोनातही शाफ्टचे फिरणे चाकापर्यंत पोचवणाऱ्या सांध्यांच्या) रबरी टोप्या उघडून आतले ग्रीस पाहणे भाग होते. ग्रीस काळेभोर, एकसंध, पाण्याचा किंवा गंजाचा मागमूस नाही. पूर्ण वळवून चालवताना बाहेरच्या जॉइंटचा कटकट आवाज नाही, जोर देताना आतल्या जॉइंटमुळे येणारी थरथर नाही. शाफ्ट निर्दोष आहेत.

त्यांची लांबी मात्र सारखी नाही, आणि हा दोष नसून रचनाच तशी आहे. आडव्या इंजिनाच्या टोकाला गिअरबॉक्स जोडण्याची पद्धत १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलापासून आणि पुढे १९६९ च्या फियाट १२८ पासून रुळली. त्यामागे फियाटचे अभियंते दांते जाकोसा यांचे डोके होते. त्या आधीच्या, १९५९ च्या मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली होता. टोकाला जोडल्यामुळे जागा वाचली आणि देखभाल सोपी झाली, पण डिफरन्शियल (शक्ती दोन चाकांत वाटणारा भाग) गाडीच्या मध्यावरून एका बाजूला गेले आणि एक शाफ्ट आखूड, दुसरा लांब झाला. जोरदार इंजिनाच्या अनेक गाड्यांत लांब बाजूला बेअरिंगवर टेकलेला एक मधला शाफ्ट घालून ही विषमता मिटवतात. या गाडीत तो नाही. दोन्ही जॉइंटांमधले अंतर डावीकडे ३८० मिलिमीटर आणि उजवीकडे ६५० भरले.

गाडी चारही चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर घेऊन शाफ्टचे कोन डिजिटल कोनमापकाने घेतले. उभ्या गाडीत डिफरन्शियलची बाजू चाकाच्या मध्यापेक्षा सुमारे १० मिलिमीटर वर आहे, त्यामुळे डावा शाफ्ट १.५ अंश आणि उजवा ०.९ अंश बाहेरच्या बाजूला उतरता दिसतो. जोरात वेग घेताना नाक वर उचलले जाते. रविवारच्या चाचणीत बाहेरून काढलेल्या मोबाइल चित्रणावरून ते साधारण ३० मिलिमीटर उचलले जाते असे दिसले. म्हणून सबफ्रेमखाली (बॉडीला खालून बोल्टने जोडलेल्या, पुढच्या चाकांचे भाग धरणाऱ्या चौकटीखाली) जॅक लावून नाक तेवढे वर घेतले आणि पुन्हा मोजले : डावा ६ अंश, उजवा ३.५ अंश.

१० जानेवारी, शुक्रवार

आज पाना हातात न घेता वही घेऊन बसलो. गाडी ओढते यावर कोणाचा आक्षेप नाही; पण या रचनेच्या गाडीला मुळात किती ओढण्याचा हक्क आहे, हे कळल्याशिवाय उरलेली ओढ दोषाची आहे असे म्हणता येणार नाही.

सीव्ही जॉइंट वाकलेल्या अवस्थेत टॉर्क वाहून नेतो तेव्हा चाकाला फिरवणाऱ्या टॉर्कबरोबर चाकाला आत वळवू पाहणारा एक छोटा टॉर्कही तयार होतो. त्याचे मूल्य चाकाकडे जाणारा टॉर्क गुणिले जॉइंटच्या निम्म्या कोनाचा टॅन्जंट इतके असते. दोन्ही चाके आतल्या बाजूला वळू पाहतात. कोन सारखे असतील तर हे दोन जोर स्टिअरिंगच्या रॅकमध्ये (दोन्ही चाकांना जोडून वळवणाऱ्या दांडीत) एकमेकांना मारून टाकतात, आणि कोन वेगळे असतील तर फरक उरतो. आखूड शाफ्टचा कोन मोठा, म्हणून डाव्या चाकाचा उजवीकडे वळण्याचा आग्रह जास्त, आणि गाडी लांब शाफ्टच्या, म्हणजे उजव्या बाजूला ओढते. दिशा तक्रारीशी जुळते. प्रश्न मापाचा आहे.

दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.० आणि अंतिम गुणोत्तर ३.४ धरले, तर मूळ ३२० न्यूटन-मीटरचे दोन्ही चाकांवर मिळून सुमारे २१७६, म्हणजे प्रत्येक चाकावर १०८८ न्यूटन-मीटर होतात. डावीकडे ३ अंशांचा टॅन्जंट ०.०५२४, म्हणून ५७ न्यूटन-मीटर; उजवीकडे १.७५ अंशांचा ०.०३०६, म्हणून ३३. फरक २४ न्यूटन-मीटरचा. स्टिअरिंगचे गुणोत्तर १५.५ धरले तर पॉवर स्टिअरिंगची मदत न घेताही हातापर्यंत दीड न्यूटन-मीटर पोचेल, म्हणजे १९ सेंटीमीटर त्रिज्येच्या चक्राच्या कडेवर जेमतेम ८०० ग्रॅमचा भार. रीमॅपनंतरचा ३९० चा आकडा जसाच्या तसा खरा मानला तरी २४ चे २९ होतात आणि हातावरचा भार एक किलोच्या आसपास जातो. सेन्सर मात्र मदत मिळत असतानाही ५ न्यूटन-मीटर दाखवतो. रीमॅपवर जे काही खापर फोडता येईल ते इतकेच.

त्यातही हा वाढीव टॉर्क दुसऱ्या गिअरमध्ये रस्त्यापर्यंत पोचतो का, याची शंका आहे. चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर घेतली तर मूळ टॉर्कलाच पुढच्या दोन चाकांवर मिळून सुमारे ७००० न्यूटनची, गाडी पुढे नेणारी ओढ लागते. गाडीचे पुढचे वजन साधारण ९०० किलो, पण वेग घेताना त्यातले दीडशेच्या आसपास मागे सरकते. उरलेल्या ७५० किलोंवर टायरची पकड भाराच्या ०.९ पट धरली तरी मर्यादा ६६०० न्यूटनच्या घरात येते. म्हणजे कारखान्यातून आलेल्या टॉर्कवरच चाके पकडीच्या काठावर असतात, आणि रीमॅपचा बराचसा भाग टायर झिजवण्यात किंवा ट्रॅक्शन कंट्रोलला कामाला लावण्यात जातो. मावसभावाला हे फोनवर सांगितले, तेव्हा बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही.

आणखी एक हिशेब याच बैठकीत उरकला. ब्रेकचा जोर आणि इंजिनाचा जोर चाकाला वेगवेगळ्या ठिकाणी पकडतात. ब्रेक चाकाच्या आधारावरच बसवलेला असल्यामुळे त्याचा परिणाम टायर रस्त्याला टेकतो त्या जागेपासून स्टिअरिंग अक्षापर्यंतच्या (ज्या रेषेभोवती चाक वळते तिच्यापर्यंतच्या) अंतराने ठरतो, आणि हे अंतर आजच्या गाड्यांत मुद्दाम अगदी लहान ठेवतात. इंजिनाचा टॉर्क मात्र शाफ्टमधून येतो आणि त्याची प्रतिक्रिया इंजिनाच्या आधारांवर जाते, म्हणून त्याची ओढ चाकाच्या मध्याच्या उंचीवर मोजावी लागते. तिथे मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या, चाक धरणाऱ्या उभ्या खांबात) अक्षापासूनचे अंतर सहज ५० मिलिमीटर असते. प्रत्येक चाकाची ३५०० न्यूटनची ओढ या अंतराने गुणली तर प्रत्येक बाजूला १७५ न्यूटन-मीटर होतात. एरवी दोन्ही बाजू एकमेकींना तोलतात, पण एका बाजूचे अंतर अवघ्या ३ मिलिमीटरने बदलले तरी १० न्यूटन-मीटरहून जास्त फरक पडतो. २००९ च्या फोर्ड फोकस आरएसमधील रेव्होनकल किंवा २०१७ च्या होंडा सिव्हिक टाइप आरमधील दुहेरी अक्षाचा स्ट्रट यांचे प्रयोजन हेच, की स्टिअरिंग अक्ष स्ट्रटपासून वेगळा करून चाकाच्या मध्याजवळ न्यावा, म्हणजे तीनशे अश्वशक्तीसुद्धा पुढच्या दोन चाकांना पेलता यावी. आपल्या गाडीत अशी सोय नाही, त्यामुळे एका बाजूचे चाक आपल्या जागेवरून थोडे जरी हलत असेल तर त्याची किंमत स्टिअरिंगवर मोजावी लागणारच.

१३ जानेवारी, सोमवार

अलाइनमेंट पुन्हा केले, पण या वेळी पडद्यावरचा हिरवा रंग न पाहता आकडे कागदावर उतरवून घेतले. टो (चाकाची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) दोन्हीकडे सारखा. कॅस्टर (स्टिअरिंग अक्षाचा मागे असलेला कल) डावीकडे ७.१, उजवीकडे ७.२ अंश. कॅम्बर (चाकाचा कल; उणे म्हणजे वरची कड आत) डावीकडे उणे ०.३ आणि उजवीकडे उणे ०.७. स्टिअरिंग अक्षाचा आतला कल डावीकडे १३.८ आणि उजवीकडे १४.२. शेवटचे दोन आकडे एकत्र वाचले तर त्यांत संगती दिसते. दोन्हीकडे स्ट्रटचे वरचे टोक जागेवर असून संपूर्ण सबफ्रेम उजवीकडे सरकली असेल, तर डाव्या चाकाचा पाय आत येतो आणि उजव्याचा तेवढाच बाहेर जातो, ०.४ अंशाचा फरक ६०० मिलिमीटर उंचीवर साधारण २ मिलिमीटरच्या सरकण्याशी जुळतो. फीत लावून कर्णांची मापे घेतली, ती याच निष्कर्षाला दुजोरा देतात. मागे क्लच बदलताना सबफ्रेम उतरवली गेली होती, असे मालकाकडच्या बिलावरून दिसते. बोल्टांच्या भोकांत थोडी मोकळीक असते आणि बसवताना मध्य साधला नाही की असेच होते.

मशीनने हे सगळे हिरव्यात दाखवले, कारण प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे मर्यादेत आहे. स्थिर वेगात डावीकडे सरकण्याचे कारण सापडले : डाव्या चाकाची वरची कड उजव्यापेक्षा आत कमी झुकलेली, त्यात रस्त्याचा उतार डावीकडे. जोर दिल्यावरची उडी मात्र यातून निघत नाही. उभ्या गाडीची भूमिती मोजून चालत्या गाडीचा दोष सापडेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

उद्या आणि परवा उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. गच्च्यांवरून रस्त्यावर मांजा लोंबत असतो, त्यामुळे चाचणी नाही आणि मिस्त्रीही येणार नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

सबफ्रेमला चुंबकाच्या स्टँडवर एक लहान ॲक्शन कॅमेरा बसवून लोअर आर्मच्या (चाकाला खालून सबफ्रेमशी जोडणाऱ्या भुजेच्या) मागच्या बुशकडे, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीकडे, रोखला. आर्मवर आणि सबफ्रेमवर पांढऱ्या रंगाच्या समोरासमोर रेघा ओढल्या, शेजारी मिलिमीटरच्या खुणांची पट्टी चिकटवली. आधी उजवी बाजू, मग डावी. वाघोडियाच्या त्याच रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर, मग पाय उचलणे, मग क्लच दाबून कडक ब्रेक, असा ठरलेला क्रम.

उजवीकडची रेघ जोराच्या वेळी सुमारे ३ मिलिमीटर हलते आणि सावकाश परत येते. रबराने इतके हलणे अपेक्षितच आहे. त्याशिवाय खड्ड्यांचे धक्के थेट बॉडीत येतील. डावीकडची रेघ ९ मिलिमीटर जाते, तिथे आदळून थांबते, पाय उचलताच उलट दिशेला फेकली जाते, आणि ब्रेकच्या वेळी त्याहीपलीकडे जाते. पायाखालचा दबका ठोका चित्रणातल्या या आदळण्याच्या क्षणाशी तंतोतंत जुळतो. संगणकाच्या पडद्यावर ते सावकाश गतीने पाहताना मिस्त्री मागून एवढेच म्हणाले, “जोयुं ने?” (पाहिलंत ना?) त्यांनी पहिल्याच दिवशी बुशकडे बोट दाखवले होते आणि मी पुरावा मागितला होता.

हलण्याचा अर्थ असा. आर्म पुढच्या बुशभोवती फिरतो. मागचे बुश आडवे ९ मिलिमीटर सरकले की आर्मच्या दोन भुजांच्या प्रमाणात बॉल जॉइंट (आर्म चाकाला जोडणारा सांधा) साधारण १० मिलिमीटर पुढे जातो. वरचे टोक स्थिर असल्याने डाव्या चाकाचा कॅस्टर जवळपास १ अंशाने वाढतो, उजव्याचा मात्र जेमतेम पाव ते तृतीयांश अंश. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे ओढते. शिवाय बॉल जॉइंट एका वर्तुळावर आणि टाय रॉडचे (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांडीचे) टोक दुसऱ्या वर्तुळावर फिरत असल्याने टो सुद्धा त्याच क्षणी बदलतो आणि चाक स्वतःहून वळते. पाय उचलला किंवा ब्रेक लावला की हे सगळे उलट्या दिशेने घडते. पहिल्या दिवशीच्या तीनपैकी दोन तक्रारी आणि मालकाने न सांगितलेला ब्रेकचा दोष, असे तिन्ही या एका बुशमध्ये येऊन मिळतात.

२१ जानेवारी, मंगळवार

डावा आर्म उतरवला. हे बुश तेल भरलेल्या प्रकारचे आहे. आतल्या नळीपासून रबर अर्ध्याहून जास्त घेरात सुटले आहे आणि तेल कधीच गळून त्यावर धूळ बसून वाळले आहे. लिफ्टवर चाके लोंबत असताना ही फट मिटलेली असते, म्हणून नुसत्या नजरेने ती दिसत नाही आणि हाताने हलवूनही कळत नाही. रॅम्पवर, चाकांवर वजन असताना, पहारीने आर्म पुढे रेटला तर ती लगेच उघडते. बुशची तपासणी वजन असतानाच व्हावी, हे या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या आयटीआयच्या मुलांना आज प्रत्यक्ष दाखवता आले.

एकच बाजू इतक्या लवकर का गेली, याचेही बऱ्यापैकी उत्तर बोल्टवरच्या खुणांत मिळते. आर्म लोंबत्या अवस्थेत घट्ट केला गेला असावा. तसे केले की गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्ड्यात त्या पिळात भर पडते.

जाता जाता उजव्या बाजूचे इंजिन माउंटिंगही ६ मिलिमीटर खचलेले सापडले. डिफरन्शियल डावीकडे असल्याने त्याच्या जागी हा फरक जेमतेम २ मिलिमीटरचा उरतो, आणि तोही शाफ्टचा कोन वाढवणारा नसून कमी करणारा. ते बदलायला हवे, पण गाडी उभी असताना चालू इंजिनाच्या थरथरीसाठी. ओढीशी त्याचा संबंध जोडणे चुकीचे ठरेल.

२३ जानेवारी, गुरुवार

मावसभावाला रबराऐवजी पॉलियुरेथेनची कडक बुशे हवी आहेत. ती हलत कमी, हे खरे. पण रबराची लवचिकता रचनेचा भाग म्हणून मोजून दिलेली असते, ती काढून घेतली की पाणीगेटच्या गल्ल्यांपासून हालोलच्या रस्त्यापर्यंतचा प्रत्येक सांधा स्टिअरिंगमध्ये येईल, आणि गाडी शर्यतीची नाही, घरातली आई-वडील बसण्याची आहे. मूळ प्रकारची बुशे दोन्ही बाजूंना जोडीने घालायची, यावर शेवटी एकमत झाले. एकाच बाजूला नवे बुश घातले तर नव्या-जुन्या रबराच्या कडकपणातला फरक पुन्हा ओढ म्हणूनच परत येईल.

२९ जानेवारी, बुधवार

बुशे प्रेसवर बसवली. आत पोकळ्या असलेले बुश कसेही फिरवून बसवता येत नाही. आर्मवरच्या खुणेशी त्याची खूण जुळवावीच लागते, नाहीतर ज्या दिशेला मऊ असायला हवे तिथे ते कडक होते. सबफ्रेम २ मिलिमीटर डावीकडे आणून कर्ण सारखे केले. बोल्ट नवे वापरले आणि आर्मचे बोल्ट गाडी चारही चाकांवर रॅम्पवर उभी करून, नाक दोन-तीनदा दाबून बसू दिल्यावरच, पुस्तिकेतल्या टॉर्कने आणि त्यापुढच्या अंशांच्या फिरवणीने घट्ट केले. पुढे एकाच प्रकारचे दोन नवे टायर.

अलाइनमेंट : कॅम्बर दोन्हीकडे उणे ०.५, आतला कल दोन्हीकडे १४.०, कॅस्टर ७.२ आणि ७.२. टो पुस्तिकेप्रमाणे. स्टिअरिंगच्या कोन-सेन्सरचे शून्य स्कॅनरने पुन्हा नोंदवले; ते केले नाही तर यंत्रणेला सरळ चालणारी गाडीसुद्धा वळलेली वाटते.

२ फेब्रुवारी, रविवार

वाघोडिया, तोच रस्ता, तोच क्रम, रीमॅप तसाच ठेवून. स्थिर वेगात मधल्या पट्ट्यावर गाडी सरळ जाते आणि कडेच्या उतारावर कोणतीही गाडी जाईल तितकीच डावीकडे जाते. क्लच दाबून कडक ब्रेक लावले तरी दिशा सुटत नाही. पाय उचलताना झटका नाही, ठोका नाही. कॅमेऱ्यात दोन्ही रेघा ३ मिलिमीटरच्या आत हलतात.

दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिला की उजवीकडे हलकी ओढ अजूनही जाणवते. टॉर्क सेन्सरचा आकडा १.२ न्यूटन-मीटरच्या आसपास राहतो. मदतीशिवाय १.५ ते १.९ येईल असे हिशेबात निघाले होते. पॉवर स्टिअरिंगचा वाटा आणि टायरची मर्यादा लक्षात घेता हे जुळते. ही ओढ शाफ्टच्या विषम लांबीची आहे आणि ती काढण्यासाठी मधल्या शाफ्टची रचना बसवावी लागेल, जी या गिअरबॉक्सला मिळत नाही आणि मिळाली तरी मी सुचवणार नाही. मालकाने स्वतः चालवून पाहिले आणि उरलेली ओढ मान्य केली.

१६ फेब्रुवारी, रविवार

साडेसहाशे किलोमीटरनंतर गाडी परत आणवली. सबफ्रेमवर आणि तिच्या बैठकीवर मारलेल्या रंगाच्या खुणा एकमेकींसमोरच आहेत, बोल्ट जागचे हललेले नाहीत, नव्या टायरांची झीज दोन्हीकडे सारखी. इंजिन माउंटिंग अजून आलेले नाही. रीमॅपबाबत मालकाने स्वतःच ठरवले आहे की पहिल्या दोन गिअरांमध्ये टॉर्कची मर्यादा मूळ आकड्यावर आणून घ्यायची आणि वरच्या गिअरांत तो तसाच ठेवायचा. ते काम माझ्याकडे होत नाही. झाल्यावर सेन्सरचे आकडे पुन्हा घेऊन याच वहीत नोंदवायचे आहेत.